भूर्जपत्राचे वय

गांधार देशातील भूर्जपत्रांवर खरोष्ठी लिपीत लिहिलेली सूत्रे ही आज हाती असलेल्या सर्वांत प्राचीन बौद्ध हस्तलिखितांपैकी होत. त्यांतील ‘सीनियर संग्रह’ ज्या मातीच्या घटात होता, त्यावर बाराव्या वर्षाचा उल्लेख आहे. हे वर्ष कनिष्काच्या शकाचे असावे, असे अभ्यासक मानतात. पण तो शक कधी सुरू झाला? अनेक पुस्तकांत इ. स. ७८ दिलेले असते. हॅरी फाल्क यांनी २००१ मध्ये इ. स. १२७ हे वर्ष मांडले. तेव्हा खुद्द भूर्जपत्रालाच विचारणे प्राप्त झाले.

झाड हवेतून जो कार्बन घेते, त्यात सुमारे एक लाख कोटी अणूंमागे एक अणू किरणोत्सर्गी कार्बन-१४ चा असतो. साल वाढायची थांबली की नवी भर थांबते आणि ५,७३० वर्षांत हा साठा निम्मा होतो. एक मिलिग्रॅम ताज्या कार्बनमध्ये असे सुमारे सहा कोटी अणू असतात. दिवसाकाठी फुटतात ते मात्र जेमतेम वीस! जुनी पद्धत हे फुटणेच मोजी. त्यासाठी ग्रॅमभर कार्बन लागे, म्हणजे वय कळावे म्हणून पोथीच जाळायची. हा व्यवहार कोणाला मान्य होणार?

१९७७ मध्ये अमेरिका व कॅनडातील शास्त्रज्ञांनी न फुटलेले अणूच मोजण्याचा मार्ग दाखविला. नमुन्याच्या ग्रॅफाइटवर सीझियमचा मारा करून निघालेले ऋण आयन त्वरकात सोडतात. मुख्य अडथळा जवळजवळ तेवढ्याच वजनाच्या नायट्रोजन-१४ चा. परंतु त्याचा स्थिर ऋण आयन बनतच नाही, आणि सारी युक्ती येथेच आहे. त्याच वजनाचे तोतये रेणू त्वरकाच्या मध्यभागी विरळ वायूतून वा पातळ पापुद्र्यातून वेगाने जाताना फुटतात. पुढे चुंबक वजनाप्रमाणे आयनांच्या वाटा वेगळ्या करतो आणि कार्बन-१४ चे अणू एकेक करून मोजले जातात. मिलिग्रॅमभर कार्बन पुरतो.

ऑस्ट्रेलियाच्या अणुविज्ञान संस्थेत सीनियर संग्रहाच्या तुकड्यांची अशी परीक्षा झाली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला काळ इ. स. १३० ते २५० असा आहे. शकारंभ ७८ धरल्यास घटावरील वर्ष इ. स. ९० च्या आसपास, मर्यादेबाहेर पडते. १२७ धरल्यास १४० च्या सुमारास, मर्यादेत बसते. यंत्र सालीचे वय सांगते, लेखनाचे नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. मात्र साल लेखनाहून जुनी असू शकते, नवी नव्हे. त्यामुळे त्या आक्षेपाने ७८ च्या पक्षाला बळ मिळत नाही. सूत्रांची मूळ रचना केव्हाची, हा प्रश्न निराळा. तो भाषेच्या अभ्यासानेच हाताळावा लागेल.