घरात खाडी : मचूळ पाण्याची टाकी कशी लावाल?

गोडं पाणी आणि समुद्र यांच्या मधलं, खाडीतलं मचूळ पाणी घरच्या टाकीतही राखता येतं. 🐟

मीठ : स्वयंपाकाचं नको, सागरी ॲक्वेरियमचं मीठच घ्या. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. आपल्याला 8-9 ग्रॅम पुरतात; हायड्रोमीटरवर ते 1.005च्या आसपास दिसतं. मीठ आधी बादलीत विरघळवा, थेट टाकीत टाकू नका.

तळाला कोरलचा चुरा किंवा शिंपल्यांची वाळू घाला. पीएच 7.5 ते 8.4 राहायला मदत होते.

मासे सोडण्याची घाई नको. फिल्टरमधले उपयुक्त जिवाणू वाढायला 4 ते 6 आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की मगच मासे.

सुरुवातीला ऑरेंज क्रोमाइड उत्तम. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला हा मासा जेमतेम 8 सेंटिमीटर वाढतो, अंडी-पिल्लं नर-मादी मिळून सांभाळतात. कालुंदर मोठा होतो, त्याला मोठी टाकी हवी. निवटीला तर पाण्याबाहेर बसायला जागा आणि घट्ट झाकण लागतं. वनस्पतींमध्ये जावा फर्न टिकतं.

लक्षात ठेवा : पाण्याची वाफ होते, मिठाची नाही. पातळी घटली की क्लोरीन काढलेलं गोडं पाणीच घाला. आठवड्याला 20-25 टक्के पाणी बदलताना मात्र तितक्याच खारटपणाचं वापरा.

आणि कंटाळा आला म्हणून टाकीतले मासे खाडीत सोडू नका. दुसऱ्या हौशी माणसाला द्या.