डोळ्यातली ‘अंगठी’

“मावशी, दादाच्या डोळ्यात अंगठी घालणार!” दुसरीतली माझी भाची डोळे मोठ्ठे करून सांगत होती. मला हसू आलं. पण ताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते मावळलं.

मुलांनो, हा दादा अकरावीत आहे. वर्षभरात त्याच्या चष्म्याचा नंबर तीनदा बदलला. नवा चष्मा लावूनही फळ्यावरची अक्षरं दुहेरी दिसत. रस्त्यावरच्या दिव्यांना शेपट्या फुटत! शेवटी डॉक्टरांनी यंत्राने डोळ्याच्या पुढच्या भागाचा नकाशा काढला. विकाराचं नाव निघालं केराटोकोनस.

आपल्या डोळ्यावर घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. तो म्हणजे पारपटल. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, बरं का! या विकारात तो आणखी पातळ होतो आणि शंकूसारखा पुढे येतो. मग सगळं वेडंवाकडं दिसतं. बहुधा किशोरवयात याची सुरुवात होते आणि पुढे काही वर्षं तो वाढत राहतो.

मग अंगठी कशाला? खरं तर ती चंद्रकोरीसारखी प्लॅस्टिकची बारीकशी कमान. पारपटलाच्या जाडीतच छोटा बोगदा करून ती सरकवतात. पुढे आलेला भाग त्यामुळे थोडा सपाट होतो. फ्रान्समधले डॉक्टर जोसेफ कोलँ यांनी १९९७ मध्ये या विकारासाठी ती वापरायला सुरुवात केली.

“म्हणजे माझा चष्मा सुटेल?” दादाने विचारलं.

“बहुधा नाही,” डॉक्टर म्हणाले. “आकार सुधारेल, चष्म्यातून किंवा लेन्समधून जास्त स्पष्ट दिसेल. पण विकार वाढायचा थांबेल, असं नाही.”

वाढ रोखण्याचा उपाय वेगळा आहे. डोळ्यात ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब घालून वरून अतिनील किरण सोडतात. त्याने पारपटलातले धागे एकमेकांना घट्ट बांधले जातात. याला क्रॉस-लिंकिंग म्हणतात. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी रुग्णांवरचे त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध केले.

घरी आल्यावर ताईने वहीत दोन रकाने आखले. अंगठीच्या बाजूने लिहिलं : नको झाली तर काढता येते. विरुद्ध बाजूला : जंतुसंसर्गाची भीती, रात्री दिव्यांभोवती वलयं, खर्च. आणि खाली मोठ्या अक्षरांत : विकार थांबत नाही! दादा बराच वेळ त्या ओळीकडे पाहत बसला. मग म्हणाला, “आधी आहे ती नजर राखू. अंगठीचं नंतर बघू.” डॉक्टरांनाही ते पटलं.

मात्र त्यांनी दादाला एक सक्त ताकीद दिली : डोळे चोळायचे नाहीत! त्याने हा विकार बळावतो. तुमचे डोळे खाजतात का? मग चोळू नका, आईबाबांना सांगा. पालकांनो, मुलाचा नंबर सारखा बदलत असेल, तर नुसता चष्मा बदलून थांबू नका. पारपटल तपासून घ्या.

आमची भाची तर आता घरातली पोलीसच झाली आहे. दादाचा हात डोळ्याकडे गेला रे गेला, की ओरडते, “दादा, हात खाली!”