एपवर्थची जुनी रेक्टरी

एपवर्थची जुनी रेक्टरी ही इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यातील एपवर्थ या गावी असलेली अठराव्या शतकातील वास्तू आहे. चर्च ऑफ इंग्लंडच्या ज्या धर्मगुरूला पॅरिशचा संपूर्ण दशांश मिळे, त्यास रेक्टर व त्याच्या निवासस्थानास रेक्टरी म्हणत. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली (जन्म १७०३) आणि त्यांचे बंधू, भजनकार चार्ल्स वेस्ली (जन्म १७०७) यांचे बालपण एपवर्थ येथे गेले. मात्र दोघांचा जन्म आजच्या वास्तूत नव्हे, तर तिच्या आधीच्या घरात झाला.

== पूर्वीचे घर ==
१६०७ च्या एका नोंदीनुसार जुने घर पाच खणांचे व तीन मजली होते. त्याचा सांगाडा लाकडी, भिंती गिलाव्याच्या व छप्पर गवताने शाकारलेले होते. स्वयंपाकघर, दिवाणखाना, बैठकीची खोली, कोठी आणि वरच्या तीन मोठ्या खोल्या अशी त्याची रचना होती. लाकूड व गवत यांमुळे आगीचा धोका कायम असे. १७०२ मध्ये घराचा बराच भाग जळाला आणि ९ फेब्रुवारी १७०९ च्या रात्री ते पूर्णपणे भस्मसात झाले. वरच्या मजल्यावर अडकलेल्या पाच वर्षांच्या जॉनला, एकाच्या खांद्यावर दुसरा चढून, गावकऱ्यांनी खिडकीतून बाहेर काढले. पाठोपाठ छप्पर कोसळले. ही सुटका म्हणजे ईश्वरी योजना होय, अशी जॉन यांची पुढे धारणा झाली.

== पुनर्बांधणी व रचना ==
रेक्टर सॅम्युएल वेस्ली यांनी सुमारे एका वर्षात नवे घर उभारले. या वेळी लाकूड व गवताऐवजी विटांच्या भिंती आणि कौलारू छप्पर योजण्यात आले. दोन मजले व त्यांवर पोटमाळा असलेल्या या घराचा दर्शनी भाग राणी अ‍ॅनच्या काळातील (१७०२–१७१४) अभिरुचीप्रमाणे साधा व प्रमाणबद्ध आहे. बांधकामास सुमारे ४०० पौंड खर्च आला. कर्जापायी १७०५ मध्ये तुरुंगवास भोगलेल्या सॅम्युएल यांना हा भार जड गेला आणि पुढे अनेक वर्षे घरात पुरेसे सामान नव्हते.

== वापर ==
रेक्टरी हे कुटुंबाचे घर, तसेच पॅरिशच्या कामाचेही ठिकाण होते. १७११–१२ च्या हिवाळ्यात पती लंडनला असताना सुझॅना वेस्ली यांनी रविवारी सायंकाळी मुलांसाठी व नोकरांसाठी घरी प्रार्थना सुरू केली. शेजारीही येऊ लागले आणि उपस्थिती २०० च्या वर गेली. पतीच्या साहाय्यक धर्मगुरूचा आक्षेप असतानाही त्यांनी हा उपक्रम चालू ठेवला. डिसेंबर १७१६ ते जानेवारी १७१७ या काळात घरात गूढ आवाज येत असल्याचे कुटुंबीयांनी लिहून ठेवले आहे. त्या कथित भुताला मुलांनी दिलेल्या नावावरून पोटमाळ्याची खोली आजही ‘ओल्ड जेफ्री’ची खोली म्हणून ओळखली जाते.

== जतन ==
१९५४ पर्यंत ही वास्तू रेक्टरी म्हणून वापरात होती. त्यानंतर जागतिक मेथडिस्ट परिषदेने ती विकत घेऊन तिचा जीर्णोद्धार केला व १९५७ मध्ये ती संग्रहालय म्हणून खुली झाली. तिला ‘ग्रेड १’ या सर्वोच्च श्रेणीचे संरक्षण लाभले आहे.