निवळशंख पाण्यातील उपासमार

भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. कारखान्याला लागणारी चुनखडी दुर्ग जिल्ह्यातीलच नंदिनीच्या खाणींतून येऊ लागली. छत्तीसगडच्या या मैदानातील चुनखडीचे थर ज्या उथळ समुद्राच्या तळाशी साचले, त्याला सुमारे शंभर कोटी वर्षे लोटली. शिंपल्याचा जन्मही तेव्हा झाला नव्हता. आज भिलाईहून समुद्र गाठायचा तर शेकडो किलोमीटरचा प्रवास घडतो. अशा गावी दिवाणखान्यात प्रवाळांची मत्स्यपेटी मांडायची म्हणजे क्षार पाकिटातून आणावे लागतात, शुद्ध केलेल्या पाण्यात मोजून विरघळवावे लागतात, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झेपावतो तेव्हा ते पाणी २५ ते २७ अंशांवर राखावे लागते. वीज गेली की समुद्र तापू लागतो.

या पेटीतील सर्वांत देखणा रहिवासी म्हणजे ट्रायडॅक्ना जातीचा शिंपला. याचा सर्वांत मोठा भाईबंद मीटरभराहून लांब आणि दोनशे किलोंहून जड होतो. पेटीत ठेवले जातात ते तळहाताएवढे. शिंपा उघडून तो आपले मांसल प्रावरण बाहेर पसरतो, आणि त्यावर निळ्या, हिरव्या, सोनेरी रेषांची अशी काही नक्षी उमटते की पैठणीचा पदर आठवावा. पाहुणे हमखास विचारतात, ‘हा खातो काय?’

कोकणातल्या गृहिणीला याचे अर्धे उत्तर ठाऊक असते. बाजारातून आणलेल्या तिसऱ्या काही तास पाण्यात ठेवल्या की त्या पाणी आत ओढतात, बाहेर सोडतात आणि पोटातली रेती टाकतात. पाणी गाळून त्यातील सूक्ष्म वनस्पती व कण टिपणे हाच शिंपल्यांचा जेवणाचा मार्ग. ट्रायडॅक्नाने त्याला दुसरी जोड दिली आहे. त्याच्या प्रावरणात एकपेशीय शैवाल वस्तीला असते. १९२८-२९ मध्ये ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफवर गेलेल्या ब्रिटिश मोहिमेचे प्रमुख चार्ल्स मॉरिस यंग यांना वाटले होते, की हा शिंपला शैवालाची शेती करून ते पीक पचवतो. पुढे उलगडले ते असे, की शैवाल सूर्यप्रकाशावर तयार केलेली साखर जिवंतपणीच यजमानाला पुरवते. पीक कापावेच लागत नाही, नुसते व्याज येत राहते! म्हणूनच या शिंपल्याला तीव्र प्रकाश लागतो. मंद दिव्याखाली ठेवलेला शिंपला भरल्या पेटीत उपाशी राहतो. बाल्यावस्थेत मात्र गाळून मिळणाऱ्या अन्नाचा वाटा मोठा असतो, तेव्हा सूक्ष्म शैवालाचा द्रव त्याला द्यावा.

नवशिके फसतात ते इथेच. पाणी आरशासारखे असावे म्हणून ते गाळणीवर गाळणी चढवतात. परंतु शिंपला व त्याचे शैवाल पाण्यात विरघळलेला अमोनिया व नायट्रेटही शोषून घेतात. मासे जे टाकतात ते त्यांचे खत. ते पूर्णपणे काढून घेतले की रंग फिकटू लागतो. शिंपा घडवण्यास कॅल्शियम हवे: लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम. शिंप्याच्या कडेला शुभ्र, ताजी किनार दिसली म्हणजे वाढ सुरू आहे. हात वरून फिरवताच सावली ओळखून तो झटकन मिटला, तर प्रकृती उत्तम. आ वासून पडला असेल तर दुखणे गंभीर. खडकाला धाग्यांनी चिकटलेला शिंपला ओढून काढू नये, मुळाशी इजा होऊन तो दगावतो. माशांच्या औषधातील तांबे तर त्याला विषच.

इतके सारे जमले तरी एक प्रश्न उरतो, आणि तो पैशाचा नाही. लक्षद्वीप व अंदमानच्या प्रवाळांत राहणारे ट्रायडॅक्ना मॅक्झिमा व ट्रायडॅक्ना स्क्वॅमोसा यांना २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. प्रवाळांनाही त्याच वर्षी ते संरक्षण लाभले. या साऱ्या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही साइट्स कराराचे नियंत्रण आहे. दुकानदाराचे ‘कुणी विचारत नाही’ हे आश्वासन म्हणजे कागदपत्र नव्हे.

गोड्या पाण्यातील शिंपला हा भिलाईकरांना अधिक जवळचा पर्याय. लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस ही जात आपल्याकडील तळी व संथ नद्यांत सर्रास आढळते. भुवनेश्वरजवळील कौसल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने मोतीसंवर्धनासाठी हीच जात उपयोगात आणली. त्यासाठी तिला हिरवट पाण्याच्या तळ्यात ठेवतात, यातच सारे आले. याच्या अंगात शैवालाची वस्ती नाही. जे काही मिळवायचे ते पाण्यातूनच. मत्स्यपेटीत मात्र त्याला ‘नैसर्गिक गाळणी’ समजून सोडले जाते. पाणी नितळ होते, मालक खूश होतो, आणि शिंपला अंगातील साठा मोडून खाऊ लागतो. मुदत ठेव मोडून घर चालवावे, तसे हे काही महिने चालते. रेतीत अर्धा पुरलेला असल्याने त्याचे खंगणे कुणाला दिसत नाही. मग एके सकाळी मासे वर येऊन धापा टाकतात: कुजलेल्या शिंपल्याने पाणी नासवलेले असते.

हे टाळण्यासाठी फार खर्च नाही. गच्चीवर उन्हात बादलीभर जुने पाणी ठेवले की काही दिवसांत ते हिरवे होते. गाळणी अर्धा-पाऊण तास बंद करून त्यातील पेलाभर पाणी शिंपल्याजवळ हळूच सोडावे, दिवसाआड. दूध किंवा यीस्ट घालण्याचा सल्ला मिळाला तर तो मानू नये, पाणी लगेच बिघडते. तळाशी आठ-दहा सेंटिमीटर बारीक रेती हवी. उन्हाळ्यात पेटी खिडकीपासून दूर हलवावी. आणि आठवड्यातून एकदा शिंपल्याला बोटाने हलकेच स्पर्श करावा. मिटला तर पुन्हा रेतीत राहू द्यावा. उघडाच राहिला तर त्याच क्षणी बाहेर काढावा.