उन्हाळ्याच्या सुट्टीतील संगीतशाळा

तूर विकून हाती आलेला पैसा मुलाच्या संगीतशिक्षणास लावावा, असे मनात आणणारी कुटुंबे आमच्या बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागात फार नाहीत; पण आहेत. मुलगा देवळात पेटी वाजवितो, स्वतः चाली बांधतो, आणि आता त्यास पियानोचा ध्यास लागला आहे. एप्रिल-मेच्या सुट्टीत त्याला कोणत्या वर्गास घालावे, असे आईबाप आम्हांस पुसतात. केवळ शहराचे मोठे नाव ऐकून निश्चय करू नये, हे आमचे पहिले सांगणे.

पेटीवर वाढलेल्या मुलाची अडचण निराळी असते. त्याचा उजवा हात पट्ट्यांवर फिरतो आणि डावा भाता हलवितो. पियानोला भाता नाही. तेथे डाव्या हातासही स्वतंत्र काम असते. शिवाय पेटीचा सूर वाऱ्यावर टिकतो; पियानोत हातोडी तारेवर आदळते आणि सूर त्याच क्षणापासून ओसरू लागतो. तेव्हा पहिल्या उन्हाळ्यात डावा हात तयार करणारा आणि पाच रेघांवरील स्वरलेखन वाचावयास व लिहावयास शिकविणारा शिक्षक हवा. चाली बांधणाऱ्यास तर ते लेखन आलेच पाहिजे. एरवी त्याची चाल त्याच्याच कंठात राहावयाची!

पणजीस १९५२ मध्ये आंतोनिओ द फिगेरेदो यांनी काढलेली संगीतशाळा पुढे कला अकादमीत सामावली. बंगळूरला अरुणा सुंदरलाल यांनी १९८७ मध्ये बंगळूर संगीतशाळा स्थापिली. कलबुर्गीहून उद्यान एक्सप्रेस थेट बंगळूरला जाते. अशा ठिकाणी आधी पत्र घालून विचारावे : सुट्टीत वर्ग असतो काय? एका शिक्षकाकडे मुले किती? दिवसाकाठी प्रत्यक्ष पियानोवर बसावयास किती वेळ मिळेल? मुलाने लिहिलेली रचना दुसऱ्यांकडून वाजवून घेतात काय? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर शुल्क थोडे अधिक पडले तरी आम्ही तीच शाळा निवडू. आपण लिहिलेले दुसऱ्याच्या हातून ऐकल्यावाचून रचनाकारास आपली चूक कळत नाही. लंडनच्या मंडळांच्या आठ पायऱ्यांच्या परीक्षा चांगल्याच आहेत. पण दोन महिन्यांत प्रशस्तिपत्राचे आश्वासन देणाऱ्यांपासून दूर राहावे.

भीमसेन जोशी १९३३ मध्ये अकरा वर्षांचे असता गुरूच्या शोधार्थ घर सोडून निघाले. ग्वाल्हेर, जालंधर अशी दूरदूरची गावे त्यांनी पालथी घातली. अखेर गुरू लाभले ते त्यांच्या गदगपासून जवळच, कुंदगोळास, सवाई गंधर्व! म्हणून सोलापूर-कलबुर्गीकडे एखादा जाणता शिक्षक असेल तर त्याची चौकशी आधी करावी.

आणि जूनमध्ये घरी परतल्यावर सराव कशावर होणार, याचा विचार पैसे भरण्यापूर्वीच व्हावा. पियानोस ८८ पट्ट्या. बाजारातील साधा कीबोर्ड ६१ पट्ट्यांचा आणि हलक्या दाबाचा. तो घ्यावयाचाच तर बोटांच्या जोराप्रमाणे आवाज लहानमोठा होतो की नाही, हे दुकानातच मुलाकडून वाजवून पाहावे.