मुदत आणि मत

१९९४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील वॉशिंग्टन राज्यात (राजधानीचे शहर नव्हे, पॅसिफिककाठचे त्याच नावाचे राज्य) स्पोकेन शहराभोवतीच्या मतदारसंघाने टॉम फोली या गृहस्थांना घरी बसविले. फोली तेथून तीस वर्षे अखंड निवडून येत होते आणि त्या घटकेला अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे सभापती होते. सभापतिपदावर असताना स्वतःच्याच मतदारसंघात हरण्याची पाळी त्यांच्यापूर्वी १८६२ साली पेनसिल्व्हेनियाच्या गॅलुशा ग्रो यांच्यावर आली होती, आणि मधल्या एकशे बत्तीस वर्षांत तसे पुन्हा घडले नव्हते.

या पराभवाची कारणे अनेक होती, पण त्यांतले एक आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. तेथील नागरिकांना पुरेशा सह्या गोळा करून एखादा कायदा थेट सार्वत्रिक मतदानास घालता येतो, आणि त्या हक्काने १९९२ साली राज्याच्या मतदारांनी असा ठराव मंजूर केला होता की, काँग्रेसच्या प्रतिनिधीने तीन मुदती, म्हणजे सहा वर्षे, आणि सिनेटरने दोन मुदती, म्हणजे बारा वर्षे, काम केले की मतपत्रिकेवर त्याचे नाव छापू नये. हा ठराव राज्यघटनेशी विसंगत आहे म्हणून जी फिर्याद झाली, तीत फोली वादी म्हणून सामील झाले. कायद्याच्या दृष्टीने त्यांची बाजू बळकट होती. परंतु सभापतीने आपल्याच मतदारांविरुद्ध कोर्टात जावे ही गोष्ट लोकांच्या मनाला लागली. जॉर्ज नेदरकट या स्थानिक वकिलाने नेमके तेवढ्यावरच बोट ठेवले, आपण सहा वर्षांनी परत येऊ असे वचन दिले, आणि सुमारे चार हजार मतांनी निवडणूक जिंकली.

एक गोष्ट मात्र त्या धामधुमीत फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही. हेच फोली १९६४ साली पहिल्यांदा निवडून आले, तेव्हा त्यांनी पाडले होते ते वॉल्ट होरन हेही बावीस वर्षे त्या जागेवर बसलेले होते. म्हणजे एकाच मतदारसंघाने तीस वर्षांच्या अंतराने दोन जुन्या खोडांना उपटून काढले, आणि दोन्ही वेळा ते काम साध्या मतपत्रिकेने झाले.

असे असता कायद्याची मुदत हवी कशाला, असा प्रश्न सहज उद्भवतो. पण त्याचे उत्तर तितके सहज नाही, आणि मुदतवाल्यांची तक्रार खोटी आहे असे मी म्हणणार नाही. १९८८ साली प्रतिनिधिगृहातील जे सभासद पुन्हा उभे राहिले, त्यांच्यापैकी शंभरांत अठ्ठ्याण्णव निवडून आले. गादीवरच्या माणसाचे नाव घरोघर माहीत असते, सरकारी खर्चाने त्याची पत्रे मतदारांना जातात, कचेरीत पगारी माणसे असतात, आणि देणगीदारही ज्याच्या हाती काम आहे त्याच्याकडेच वळतात. शिवाय समित्यांची अध्यक्षपदे मुख्यतः ज्येष्ठतेनुसार मिळत असल्यामुळे मतदार मोठ्या पेचात सापडतो: आपला जुना प्रतिनिधी काढला तर आपल्याच तालुक्याचे वजन घटते आणि शेजारच्यांचे जुने धेंड तसेच राहते, म्हणून सर्वांनाच बदल हवा असूनही प्रथम हात कोणी उचलीत नाही. सर्वांवर एकदम लागू होणारी मुदत या पेचातून सोडविते, हा मुदतीच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. मिशिगनमधील डिंगेल घराण्यातील पिता १९३३ साली काँग्रेसमध्ये गेला, १९५५ साली पुत्र त्याच्या जागी आला व एकोणसाठ वर्षे राहिला, आणि त्याच्यामागून त्याची पत्नी निवडून आली. पाटीलकी-कुलकर्णीची वतने ज्या महाराष्ट्राने कायदे करून खालसा केली, त्या महाराष्ट्रातील वाचकाला हा प्रकार ओळखीचा वाटल्यावाचून राहणार नाही.

कल्पना जुनीच आहे. प्राचीन अथेन्सच्या पाचशे जणांच्या मंडळात कोणाही नागरिकाला आयुष्यात दोनदाच बसता येई. अमेरिकेच्या पहिल्या संघ-करारनाम्यात सहा वर्षांत तीन वर्षांहून अधिक काळ प्रतिनिधी राहू नये असे कलम होते. १७८७ च्या राज्यघटनेने ते वगळले. राष्ट्राध्यक्षपदाची मर्यादा मात्र वॉशिंग्टन यांनी तिसरी कारकीर्द नाकारल्याने रूढ झाली, रूझवेल्ट यांनी चार वेळा निवडून येऊन ती मोडली, आणि १९५१ साली बाविसाव्या दुरुस्तीने ती लेखी झाली. त्या मर्यादेबद्दल माझे दुमत नाही. ज्याच्या हाती सैन्य, खजिना आणि नेमणुका आहेत तो स्वतःच स्वतःच्या निवडणुकीचा पंच होऊ शकतो. शेकडो सभासदांतला एक, ज्याचे एक मत इतरांच्या मताने सहज खोडले जाते, त्याची गोष्ट वेगळी आहे.

१९९० साली ओक्लाहोमा, कॅलिफोर्निया व कोलोरॅडो यांनी आपापल्या विधिमंडळांना मुदती घातल्या, आणि ती लाट इतकी पसरली की १९९५ पर्यंत तेवीस राज्यांनी काँग्रेसमधील आपल्या प्रतिनिधींनाही त्या लागू केल्या होत्या. त्या वर्षी दोन तडाखे बसले. मार्चमध्ये घटनादुरुस्तीचा प्रस्ताव प्रतिनिधिगृहात २२७ विरुद्ध २०४ मते मिळवूनही दोन-तृतीयांशाअभावी पडला. विरोधात बोलणाऱ्यांत रिपब्लिकन पक्षाचेच न्यायविषयक समितीचे अध्यक्ष हेन्‍री हाइड होते. मग २२ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने आर्कान्सास राज्याच्या खटल्यात पाच विरुद्ध चार असा निकाल दिला की, वय, नागरिकत्व व रहिवास या घटनेने सांगितलेल्या पात्रतांत भर घालण्याचा अधिकार राज्यांना नाही. त्यामुळे हा प्रयोग राज्यांच्या विधिमंडळांपुरता उरला. आज सोळा राज्यांत तो चालू आहे.

तो कसा चालला, हे कॅलिफोर्नियाच्या दप्तरात वाचावे. तेथील ठरावाने कनिष्ठ सभागृहाला सहा वर्षे व वरिष्ठ सभागृहाला आठ वर्षे ठरवून दिली, आणि विधिमंडळाचा खर्चही एक-तृतीयांशाहून अधिक छाटला, म्हणून वर्षानुवर्षे मसुदे तपासणारे जाणते कर्मचारीही सोडून गेले. नवा सभासद येई तेव्हा अर्थसंकल्प कोणत्या बाजूने वाचायचा हे शिकण्यातच त्याची पहिली मुदत सरे, दुसरीत थोडे काम हाती लागे, आणि तिसरीत त्याची नजर पुढच्या जागेवर जाई. दहा वर्षांपूर्वी याच विषयावर काय घडले होते हे ज्याला तोंडपाठ आहे असा माणूस सभागृहात उरत नसे. तो बाहेरच्या मार्गिकेत, एखाद्या धंद्याच्या वतीने सभासदांची मनधरणी करण्यासाठी पगारावर उभा असे. मुदत त्याला नव्हती. राज्याराज्यांतील विधिमंडळांचा अभ्यास करणाऱ्यांनाही सत्ता गव्हर्नरच्या कचेरीकडे व हितसंबंधियांकडे सरकलेली आढळली. शेवटी २०१२ साली कॅलिफोर्नियाच्या आणि २०२२ साली मिशिगनच्या मतदारांनी, कोणत्याही सभागृहात मिळून एकंदर बारा वर्षे, अशी दुरुस्ती करून घेतली.

फिलिपिन्सच्या १९८७ च्या घटनेनुसार प्रतिनिधीला लागोपाठ तीनच मुदती मिळतात, आणि चौथ्या वेळी त्याची बायको, मुलगा किंवा भाऊ उभा राहतो. आपल्याकडे मुदतीचा कायदा नाही, पण सरपंचपदाचे आरक्षण फिरते असते. त्याचा हेतू निराळा व उदात्त आहे; ज्यांना चावडीची पायरी चढू दिली गेली नाही त्यांना त्याने खुर्ची दिली. तरीही सोडतीच्या दिवशी तहसील कचेरीच्या सभागृहात शाळकरी मूल बरणीत हात घालून चिठ्ठी काढते, ‘स्त्री’ हा शब्द वाचला जातो, आणि मावळत्या सरपंचाच्या मागे उभी असलेली मंडळी वहिनींच्या अर्जाचे कागद त्याच दुपारी जमवू लागतात, हे दृश्य ज्याने पाहिले आहे, त्याला माणूस उठविल्याने सत्ता उठत नाही हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

याच्या उलट बाजूस सांगोल्याचे गणपतराव देशमुख आहेत. शेतकरी कामगार पक्षासारख्या लहान पक्षातर्फे ते अकरा वेळा विधानसभेत गेले. १९७२ साली आणि १९९५ साली सांगोल्याने त्यांना पाडलेही होते आणि पुन्हा निवडून दिले होते. काढण्याचा हक्क आणि ठेवण्याचा हक्क हा मुळात एकच हक्क आहे. मुदतीचा कायदा त्यातला ठेवण्याचा अर्धा भाग काढून घेतो, आणि काढण्याचा उरलेला भाग वापरण्याची सवयही मोडतो, कारण जो सहा वर्षांनी आपोआप जाणार आहे त्याच्याकडून हिशेब घेण्याची तसदी कोण घेतो? शेवटच्या मुदतीतील सभासदाला तर मतदाराचे भय उरतच नाही. म्हणून मतदारसंघांच्या सीमा आखण्याचे काम सत्तेवरच्या पक्षाच्या हातून काढणे, निवडणुकीचा पैसा उघड्यावर आणणे आणि नव्या उमेदवाराला उभे राहण्याइतके बळ देणे ही किचकट कामेच मला मुदतीपेक्षा अधिक मोलाची वाटतात.

नेदरकट यांच्या वचनाची मुदत २००० साली भरली. सहा वर्षांत काम पुरे होत नाही असे आपल्याला आता कळले, असे सांगून ते पुन्हा उभे राहिले. वचनभंगाचा गवगवा झाला, पण स्पोकेनने त्यांना पुन्हा निवडून दिले. २००४ साली त्यांनी सिनेटची निवडणूक पॅटी मरे यांच्याविरुद्ध लढविली आणि ते हरले. या मरेबाई म्हणजे एका आमदाराने कधीकाळी ‘टेनिसचे बूट घातलेली आई’ म्हणून वाटेला लावलेल्या गृहिणी. सिनेटरने बारा वर्षांनी परत यावे असा ठराव ज्या १९९२ च्या मतदानात वॉशिंग्टनकरांनी मंजूर केला, त्याच दिवशी त्याच मतपत्रिकेवर त्यांनी या बाईंना पहिल्यांदा निवडून दिले होते. २०२२ साली त्यांनी त्यांना सहाव्यांदा निवडून दिले.