मेनफ्रेमवर ‘टेक्’: ६५ म्हणजे ‘ए’च का?

डोनाल्ड क्नुथ यांची ‘टेक्’ ही अक्षरजुळणी प्रणाली थेट प्रिंटरशी बोलतच नाही. ती डीव्हीआय फाइल बनवते आणि ती वाचून छापण्याचं काम प्रिंटर ड्रायव्हरचं. हा ड्रायव्हर आयबीएमच्या मेनफ्रेमवर नेताना जी गंमत होते, ती मला फार आवडते!

मेनफ्रेमची वर्णसंहिता एब्सिडिक. आस्कीत कॅपिटल ‘ए’ ६५, इथे १९३. पण डीव्हीआयमधला ६५ म्हणजे ‘फॉन्टमधलं ६५ क्रमांकाचं चिन्ह छाप’ असा हुकूम. त्याचं रूपांतर केलं, तर पानाचा पार विचका. मात्र त्याच फाइलमधलं ‘सीएमआर१०’ हे फॉन्टचं नाव आस्कीत असतं. ते एब्सिडिकमध्ये बदललं नाही, तर फॉन्टची फाइल सापडणारच नाही. म्हणजे कोणता बाइट हुकूम आणि कोणता मजकूर, हे ड्रायव्हरला कळायलाच हवं. सरसकट रूपांतर इथे चालत नाही.

शिवाय मेनफ्रेमवर फाइली बहुधा ठरावीक लांबीच्या रेकॉर्डमध्ये असतात. शेवटचा रेकॉर्ड भरायचा कशाने? डीव्हीआयच्या रचनेतच सोय आहे: शेवटी २२३ या मूल्याचे किमान चार बाइट, जास्त कितीही चालतात. ड्रायव्हर ते मागून ओलांडत समारोपाच्या नोंदीपर्यंत पोहोचतो.